नाताळ, नात आणि आपला चौका



नाताळ होऊन पंधरा दिवस झाले, आता या विषयावर शांतपणे बोलता येईल. डिसेंबरमध्ये काढला की आपल्या मंडळात दोन तट पडतात. एकीकडे सुना, ज्यांनी मुलांना लाल टोप्या घालून फोटो टाकलेले असतात. दुसरीकडे आपण सासवा, ज्या त्या फोटोखाली काही लिहीत नाही, पण वेगळ्या ग्रुपवर ‘मुलांना मिथ्यात्वापासून वाचवा’ हा मेसेज पुढे ढकलतो. मला तो यंदा सात जणींकडून आला. त्यातल्या तिघींच्या घरी ३१ डिसेंबरच्या रात्री केक कापला गेला, हेही मला माहीत आहे. असो.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. घरात लहान मूल असेल तर नाताळ करावा. पण करायचा तर नाताळच करावा, दुकानातला सेल नव्हे. हा कुणाचा सण, कुणाचा जन्म, हे मुलाला नीट सांगून करावा. आणि आपला चौका आहे तसा ठेवून करावा.

उलव्यात राहून हा विषय टाळता येतच नाही. इथे सगळेच बाहेरून आलेले. सिडकोच्या एकेका सेक्टरमध्ये बिहारपासून केरळपर्यंतची माणसं, आणि आमच्यासारखे मिरजेकडचे, जे मुलाच्या नोकरीमागे खारकोपर स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये येऊन पडले. नर्सरीपासून शाळेत २४ तारखेला लाल कपडे सांगतात. सोसायटीच्या लॉबीत झाड उभं राहतं. यंदा तर २५ डिसेंबरलाच आपल्या शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली, आणि सीनियर केजीतल्या आमच्या नातीची खात्री पटली की हा सगळा खटाटोप सांताक्लॉजची गाडी उतरवण्यासाठी होता. एवढे डोंगर फोडले ते उगीच का, असं तिचं म्हणणं.

अशा पोरीला ‘ते आपलं नाही’ एवढंच सांगून भागत नाही. तिने मला जे विचारलं ते आपण सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. ती म्हणाली, “आजी, आपल्या देवाच्या बर्थडेला लाइट का नसतात?”

हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. कारण डिसेंबरमध्ये आपल्याही घरी जन्मकल्याणक असतं. मार्गशीर्ष वद्य एकादशी, उत्तरेकडच्या पंचांगात पौष कृष्ण एकादशी. त्याच तिथीला पार्श्वनाथ भगवंतांचा जन्म आणि त्याच तिथीला चंद्रप्रभ भगवंतांचाही. २०२४ मध्ये ती तिथी २६ डिसेंबरला आली होती, नाताळच्या अगदी दुसऱ्या दिवशी. श्वेतांबर भगिनी पोष दशमी करतात, ती तर नेमकी २५ तारखेला होती. २०२५ मध्ये एकादशी १५ डिसेंबरला झाली. आता खरं सांगा, किती जणींच्या घरात मुलांना ते कळलं? आपण सकाळी मंदिरात जाऊन अभिषेक पाहिला, कुणी एकाशन केलं, कुणी उपवास. मुलं शाळेत गेली, संध्याकाळी क्लासला गेली, दिवस संपला. आणि दहा दिवसांनी आपण त्यांच्या टोपीवर आक्षेप घेतो. मुलाच्या वाट्याला आपल्या धर्मातून फक्त ‘नाही’ येत असेल, तर ते ‘हो’ शोधायला लॉबीतल्या झाडाकडेच जाणार.

म्हणून यंदा आमच्या घरी डिसेंबरची सुरुवात १५ तारखेपासून झाली. महावीर जयंतीला पाळणा बांधतो तसा छोटा पाळणा बांधला. पाटाला लाल दोऱ्या आणि माझ्या जुन्या इरकलीचा काठ. वामादेवीची सोळा स्वप्नं चार्टपेपरवर काढली. हत्ती, बैल, सिंह इथवर ठीक जमलं. धूर नसलेला अग्नी कसा काढायचा, यावर अर्धा तास चर्चा झाली. कमठ तापसाच्या धुनीतल्या लाकडात अडकलेल्या नागाची गोष्ट तिला इतकी आवडली की तीन दिवस ती सोफ्याच्या फटीतून साप सोडवत होती. लाइटसुद्धा लावले. बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला छोट्या दिव्यांची माळ गुंडाळली. काचेचं दार बंद ठेवायचं म्हणजे किडे येत नाहीत, आणि नऊ वाजता दिवे बंद. तीच माळ पुढे २५ तारखेपर्यंत राहिली. प्लॅस्टिकचं झाड आणलं नाही. अठराशे रुपये आणि वर्षभर माळ्यावर जागा, हा हिशेब बी.कॉम. झालेल्या बाईला पटत नाही.

आता मिथ्यात्वाचं बघू. मी पंडिता नाही, पण स्वाध्यायाला बसते. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी मूढता सांगितल्या आहेत, त्यात देवमूढतेच्या व्याख्येत वराची आशा आहे. काहीतरी मिळावं म्हणून रागद्वेषाने मलिन अशा देवतेची उपासना करणं, ती देवमूढता. मग मला सांगा, आमच्या घरात येशूची पूजा झाली नाही, आरती झाली नाही, नवस झाला नाही. एका सत्पुरुषाच्या जन्माची गोष्ट झाली. याला मूढता म्हणायचं, तर शाळेत गुरु नानकांचा धडा असतो तेव्हा आपण पोरांना घरी ठेवायला हवं.

उलट ज्याला कुणीच आक्षेप घेत नाही, ते मला त्या व्याख्येच्या जास्त जवळचं वाटतं. सांताला पत्र. ‘प्रिय सांता, मला हे दे, ते दे, आणि शेजारच्या मुलाकडे आहे त्याहून मोठं दे.’ पाच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन आपण त्याला मागायला शिकवतो आणि वर ते पत्र स्टेटसला ठेवतो. आपल्या धर्मात देवाकडेही मागायचं नसतं. वीतराग काही देत नाहीत, घेत नाहीत, हे आपण पाठशाळेत पहिल्या वर्षी शिकवतो. नाताळातलं हे एकच मी दाराबाहेर ठेवलं. तारा आला, गोष्ट आली, फराळ आला. पत्र आलं नाही.

आणि गंमत अशी, की ज्याच्यावरून हा सांता आला त्याची गोष्ट मागण्याची नाहीच. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप होते. गावात एका गरीब माणसाला तीन मुली. हुंड्याला पैसे नाहीत, लग्नं होईनात, मुलींवर वाईट वेळ येणार. निकोलस रात्रीच्या अंधारात सोन्याच्या पिशव्या त्या घरात टाकून आले, कुणाला कळू न देता. ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. आपल्याकडे याला काय म्हणतात? गुप्तदान. आपल्या मंदिराच्या पावतीपुस्तकातसुद्धा अजून ‘गुप्तदान’ लिहून देणाऱ्या बायका आहेत, मी पाहिल्या आहेत. तीन मुलींच्या लग्नाची काळजी मला उत्तर ध्रुवावरच्या रेनडिअरपेक्षा कितीतरी लवकर कळते. पुढे या निकोलसचा गुबगुबीत सांता कसा झाला, ते लांबलचक आहे. लाल कोट कोकाकोलाने दिला असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. त्याआधीही चित्रकार त्याला लाल कपड्यात काढत होते. पण १९३१ पासूनच्या त्यांच्या जाहिरातींनी तो हसरा आजोबा जगभर पक्का केला, हे मात्र खरं. म्हणजे आपण ज्याला ख्रिस्ती धर्म समजून घाबरतो, त्यात बराचसा भाग थंड पेयाच्या जाहिरातीचा आहे.

नातीला मी निकोलसची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आपण पण कुणाला कळू न देता द्यायचं. तिने खेळण्यांतून काढलं काय, तर चाक तुटलेली गाडी. मी म्हटलं, तुटलेलं देणं म्हणजे दान नव्हे, ती सफाई झाली. मग बराच वेळ बसून तिने रंगपेटी काढली, नवी, न उघडलेली. रात्रपाळीच्या वॉचमनच्या मुलीसाठी. ती पिशवीत घालून केबिनच्या खिडकीत ठेवली आणि लिफ्टपर्यंत धावत आलो. गुप्त काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हिनेच जाऊन विचारलं, “मिळाली का?”

आता चौक्याकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. केकचं काय? मैत्रिणींनो, बाजारातल्या प्लम केकइतकी आपल्या मूलगुणांची परीक्षा दुसरा कुठलाच पदार्थ घेत नाही. तीन मकार आणि पाच उदुंबर यांचा त्याग म्हणजे आठ मूलगुण. या केकमध्ये सुकामेवा रममध्ये भिजवलेला, म्हणजे मद्य. गोडीला कधी मध. वरच्या सजावटीत जिलेटिन, म्हणजे मांसाचाच अंश. आत अंजीर. आणि अंडं तर आहेच. हिरवा ठिपका पाहून घेतलात तरी मध आणि अंजीर त्यातून सुटत नाहीत. तेव्हा तो केक घरी आला नाही, येणार नाही, आणि यात वाद घालायचं मला कारण दिसत नाही. संध्याकाळची पार्टीही नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आमचा नाताळ दुपारी तीनला सुरू झाला आणि साडेपाचला भांडी घासायला पडली होती.

पण चौका सांभाळणं एक, आणि चौक्याच्या आडून माणसाला कमी लेखणं दुसरं. इथे मला थोडं कडू बोलायचं आहे.

आमच्या मजल्यावर वसईकडचं एक ख्रिस्ती कुटुंब आहे. घरात सामवेदी बोलतात, आपल्याशी आपल्यासारखीच मराठी. मागच्या वर्षी जिन्यात खेळताना एका मुलाने त्यांच्या नातवाला म्हटलं, “तुमच्या घरी घाणेरडं शिजतं, आम्ही तुमच्याशी खेळणार नाही.” मुलगा सहा वर्षांचा. हे वाक्य त्याचं नव्हे. ते कुठल्या तरी जेवणाच्या टेबलावर मोठ्यांच्या तोंडून निघालं, आणि तिथून जिन्यात आलं. शेजारीण मला म्हणाली, “पोरं आहेत हो ताई, जाऊ द्या.” तिने जाऊ दिलं. पण तिचा नातू त्यानंतर महिनाभर जिन्यात आला नाही.

अहिंसेची सुरुवात कुठे होते मग? कांदा बाहेर ठेवला आणि जीभ आत तशीच ठेवली, तर काय साधलं? भाड्याच्या जाहिरातींत ‘फक्त शाकाहारी’ लिहिणाऱ्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत. स्वतःचं घर आहे, आवड आहे, मान्य. पण त्या एका ओळीत आपण शेजारच्या माणसाचा सगळा हिशेब संपवतो, आणि मुलं ते वाचतात. आपण त्यांना अनेकांत शिकवतो. सात आंधळे आणि हत्ती. गोष्ट संपली की हत्ती पाठशाळेतच राहतो.

याच शेजारणीची एक गोष्ट सांगते. चार वर्षं झाली, नाताळला ती आमच्याकडे डबा पाठवते. त्यांच्याकडे करंज्या असतात, कुलकुल असतात. पहिल्या वर्षी डबा दारात घेतानाच मी अवघडले होते. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून सांगितलं, “तुमच्यासाठी वेगळं केलंय. अंडं नाही. कढई नवी आणि तेलही आधी तुमचंच तळलं.” मी तिला काही सांगितलं नव्हतं. माझ्या घरचे नियम तिने आपणहून पाहिले, लक्षात ठेवले आणि पाळले, स्वतःच्या सणाच्या गडबडीत. आपण दिवाळीला फराळ देतो त्यात आपलं काय मोडतं? काहीच नाही. देवाणघेवाणीत वाकतात ते तेच, दरवेळी. हे मला जमाखर्चाच्या वहीसारखं दिसतं, आणि आपली बाजू रिकामी आहे.

खाण्यातून ती भरता येणार नाही, हे उघड आहे. मग दुसरं काही. २४ तारखेच्या रात्री त्यांच्या घरचे सगळे मिस्सेला जातात आणि तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दरवर्षी कुणीतरी एक मागे राहायचं. यंदा मी म्हटलं, मी बसते. दहा ते साडेबारा बसले. म्हातारी लाल लुगड्यातली, दात नाहीत, पण गप्पा भरपूर. समोर त्यांनी गोठा मांडलेला. गवत, मेंढरं, गाय, मधे बाळ. मी माझी माळ फिरवत होते, त्या त्यांची. मधेच त्यांनी विचारलं, तुमच्यात पण माळ असते होय? मी म्हटलं, एकशे आठ मण्यांची. त्यांना ते फार आवडलं.

त्या गोठ्याबद्दलही सांगून ठेवते, मुलांना सांगायला उपयोगी पडेल. ती प्रथा रूढ झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यामुळे. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणून गव्हाणी मांडली. हे तेच फ्रान्सिस, जे पक्ष्यांना भाऊ-बहीण म्हणत. आमच्या नातीला दुसऱ्या दिवशी तो गोठा दाखवला, तेव्हा तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, “यांचा पण पाळणा आहे.”

‘परदेशी सण’ हे आणखी एक ऐकते. वसईत पोर्तुगीज आले १५३४ च्या सुमाराला, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी त्यांना काढलं. पोर्तुगीज गेले. शेती करणारी, केळी-पानवेली लावणारी माणसं कुठे जाणार? ती इथलीच होती. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, तसा बटाटाही, आणि आपण जैन असल्यामुळे खरं तर बटाट्यापेक्षा नाताळच आपल्याला जवळचा पडावा! फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओव्यांत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रं’ आपल्या पिढीतल्या किती जणींनी लग्नाआधी वाचली आहेत. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर दिब्रिटो होते. आणि आम्हा मिरजेकडच्यांना तर हे सांगावंच लागत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल म्हणजे आसपासच्या सगळ्या जैन वाड्यांचं बाळंतपणाचं ठिकाण. माझा जन्म तिथला. माझी आजी घरून डबा नेऊन सूर्यास्ताच्या आत आईला जेवू घालायची आणि तिथल्या नर्स आजीसाठी स्टूल सरकवून द्यायच्या. डिसेंबरात तिथे कागदी तारे लागत. त्या ताऱ्यांनी आमचं कुणाचं सम्यक्त्व गेल्याचं मला आठवत नाही.

सूनबाईंशी माझं एका बाबतीत पटलेलं नाही, तेही सांगते. मी नातीला सांगितलं की सांता म्हणजे कपडे घातलेला माणूस, आणि फार पूर्वी निकोलस नावाचे खरे एक होते. सत्य अणुव्रत आहे आपलं. पाच वर्षांच्या मुलाशीसुद्धा खोटं का बोलायचं? सून म्हणते, “आई, तुम्ही चंद्राला मामा म्हणत होतात ते काय होतं?” याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. २५ च्या सकाळी उशीखाली गोष्टींचं पुस्तक निघालं. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही, आणि नातीनेही नाही. ती माझ्याकडे बघून हसली तेवढं. तिला नक्की काय वाटतं, ते तीच जाणे.

कुलकुलची कृती बऱ्याच जणींनी विचारली होती, ती देते. बाजारचा मैदा नको असेल तर घरी दळलेलं गव्हाचं पीठ चाळून घ्या. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणून ताजंच दळा. दोन वाट्या पिठाला दोन मोठे चमचे गरम तुपाचं मोहन, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची. नारळाच्या घट्ट दुधात घट्टसर मळा, अर्धा तास झाका. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि शंखासारखी गुंडाळायची. काटा नसेल तर नवा कंगवा, पण नवाच. मंद आचेवर तळा, नाहीतर आतून कच्चे राहतात. मुलांनी वळलेले जाड होतात, ते शेवटी वेगळे आणि जास्त वेळ तळा. आमच्या नातीचे तसलेच वीस-बावीस निघाले. शेजारच्या आजींना चावत नाहीत म्हणून ते तिने वाटीत दुधात भिजवून नेले, आणि त्या विरघळेपर्यंत तिथेच बसून राहिली.